जुन्या व्हॅनचं इंजिन घरी उतरवून पुन्हा बांधताना

व्हॅन १९७४ ची फोक्सवॅगन टाइप २. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, समोरासमोर आडव्या चार सिलिंडरांचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ६९ मिमी, म्हणजे १५८४ सीसी. हे इंजिन साध्या ट्रॉली जॅकवर खाली उतरतं आणि एका भक्कम टेबलावर पूर्ण खोलता येतं. त्यामुळे घरी बांधायला यासारखं दुसरं इंजिन नाही. मात्र त्याची केस, म्हणजे सगळे भाग धरून ठेवणारं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे आणि सगळं काम शेवटी त्या केसवर येऊन ठेपतं. पिस्टन, सिलिंडर, हेड (सिलिंडरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण), क्रँक (पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) यांतलं काहीही बदलता येतं. केस तापून वाकलेली किंवा झिजलेली असेल, तर बाकी नवीन घातलेलं काही हजार किलोमीटरसुद्धा टिकत नाही.

म्हणून इंजिन उतरवण्याआधी केसची एक परीक्षा जागेवरच करावी. क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून गाडीच्या लांबीच्या दिशेने जोरात ओढायची आणि ढकलायची. क्रँकची पुढे-मागे हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी असायला हवी, ०.१५ ही शेवटची मर्यादा. एवढी हालचाल हाताला जेमतेम कळते. आम्ही ढकलली तेव्हा स्पष्ट 'टक्' असं ऐकू आलं. त्याचा अर्थ फ्लायव्हीलकडचं (क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावरच्या जड चाकाकडचं) पहिलं बेअरिंग केसमध्ये सैल झालं आहे किंवा त्याची बाजू झिजली आहे. मग नुसती हेडं काढून व्हॉल्व्ह घासण्यात अर्थ उरत नाही, केस उघडावीच लागते.

दुसरी परीक्षा कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडर साडेसात बारच्या आसपास आले, तिसऱ्या नंबरचा पाचवर अडला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तरी आकडा हलला नाही. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलने वाढला असता. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. आधी ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्यातच, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असे आणि त्या सिलिंडरला कोमट हवा मिळे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलरला वेगळी वाट दिली गेली. पण कूलरभोवतीचे छोटे पत्रे आणि इंजिनाच्या खोलीच्या कडेचं रबर कुणी काढून टाकलं असेल, तर त्या सुधारणेचा उपयोग राहत नाही. आमच्या इंजिनात दोन्ही गायब होतं.

उतरवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग पेट्रोलचा पाइप चिमट्याने दाबून तोडला आणि त्यात नेमक्या मापाचा बोल्ट बसवून क्लिप आवळली. पेट्रोलच्या बाबतीत इथे जरा जास्तच जपावं. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. त्यामुळे पेट्रोल सांडलेलं असताना ना दिवा, ना ग्राइंडर.

पुढचा क्रम असा होता. ऑइल काढणं. कॉइल, अल्टरनेटर, ऑइल प्रेशर स्विच, चोक आणि आयडलच्या सोलेनॉइडच्या तारा सोडवणं (प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीवर नाव). अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरपासून सोडवून पुढच्या बाजूने ओढून घेणं. हीटरचे दोन जाड पाइप आणि झडपांच्या दोन केबली काढणं. क्लचच्या केबलला हात लावायची गरज नाही, ती गिअरबॉक्सवरच्या दांड्याला जोडलेली असते आणि तिथेच राहते.

इंजिन आणि गिअरबॉक्स चार ठिकाणी जोडलेले असतात, चारही १७ च्या पान्याचे. खालचे दोन नट केसमधल्या स्टडवर. वरचे दोन बोल्ट, त्यांतला उजवा स्टार्टरमधूनही जातो. त्या बोल्टच्या डोक्याची एक बाजू सपाट असते आणि ती केसला अडकून बोल्ट फिरू देत नाही, त्यामुळे एकट्या माणसालाही नट काढता येतो. डावा वरचा पंख्याच्या पत्र्यामागे लपलेला असतो, तो हाताच्या अंदाजानेच सापडतो. आम्ही आधी वरचे सोडवले, इंजिनाखाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी लावली, मग खालचे आणि शेवटी मागच्या आडव्या आधाराचे बोल्ट. त्याआधी गिअरबॉक्सखाली पक्का टेका हवा. मागचा आधार निघाला की गिअरबॉक्सचं टोक खाली लोंबतं आणि पुढच्या रबरांवर सगळा ताण येतो.

इंजिन साधारण ११० किलोचं. ते सरळ मागे ओढायचं, १० सेंटीमीटरच्या आसपास, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत. तोवर जॅक एक इंचही खाली घ्यायचा नाही. शाफ्ट आत असताना इंजिनाचं वजन त्यावर टेकलं, तर क्लच प्लेट वाकते आणि ते कळतं सगळं परत बसवल्यावर, क्लच नीट सुटत नाही तेव्हा. या वर्षाच्या गाडीचा मागचा पत्रा पक्का असल्यामुळे इंजिन मागे नाही, खालीच जातं. गाडी किती उचलायची ते टेप लावून आधी ठरवावं: जॅक पूर्ण खाली असताना त्यावरच्या इंजिनाची उंची अधिक एक वीत. गाडी जॅक-स्टँडवरच हवी, विटांवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यांच्या उतरंडीवर नाही.

टेबलावर पहिली लढाई फ्लायव्हीलच्या नटाची. एकच नट, ३६ च्या पान्याचा, सुमारे ३५० न्यूटन-मीटरने आवळलेला. म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकाला ३५ किलो वजन लटकवल्याइतका जोर. फ्लायव्हील फिरू नये म्हणून लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती क्लचच्या दोन बोल्टांनी आवळली आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला टेकवलं. काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकवर एकमेकांसमोर खूण केली. क्लचच्या प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट मात्र प्रत्येकी एकच फेरा, आळीपाळीने सोडवावे, नाहीतर प्लेट वाकडी होते.

हेडं, सिलिंडर आणि पिस्टन निघायला अर्धा दिवस पुरला. पिस्टनची पिन हातोड्याने ठोकून काढू नये. पिस्टन ८० अंशांपर्यंत गरम केला की पिन अंगठ्याने सरकते. केस उघडण्याआधी डिस्ट्रिब्यूटरचा दांडा वर ओढून काढावा लागतो आणि त्याआधी पेट्रोल पंपाचा दांडा. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याखाली पातळ वायसर असतात. ते तेलाने दांड्याला चिकटून अर्ध्या वाटेपर्यंत येतात आणि मग सुटून केसमध्ये पडतात. एक हात वाटेत आडवा धरला नाही, तर केस उघडेपर्यंत ते शोधत बसावं लागतं.

केसचे दोन भाग सहा मोठ्या नटांनी आणि कडेने लागलेल्या अनेक लहान नटांनी धरलेले असतात. सगळे काढल्याची खात्री दोनदा करावी, कारण एखादा काळ्या तेलात बुडालेला राहतोच. जोडावर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तो जोड नुसत्या पातळ सीलंटवर तेल धरतो, मध्ये पॅकिंग नसतं. एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. रबरी हातोड्याने चारही बाजूंनी हळूहळू ठोकत राहिलं की जोड सुटतो.

आता मोजमाप. हा टप्पा घाईने उरकला तर बाकीचं सगळं फुकट, म्हणून इथे दोन दिवस गेले. क्रँकचे पहिले तीन मुख्य जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ५५ मिमीचे, चौथा ४० मिमीचा. प्रत्येक जर्नल दोन काटकोनातल्या दिशांनी मायक्रोमीटरने मोजला. गोलाई ०.०३ मिमीपेक्षा जास्त बिघडलेली असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी कमी मापाची बेअरिंगं घालावी लागतात. आमची क्रँक मापात होती, फक्त पॉलिश केली.

केसचं मोजमाप बेअरिंगं न घालता, पण सगळे नट पूर्ण टॉर्कला आवळून करायचं असतं. पहिली तीन बेअरिंगं बसायची भोकं ६५.०० ते ६५.०२ मिमी असावीत, ६५.०३ च्या पुढे केस तशीच वापरता येत नाही. मधलं, म्हणजे दुसरं बेअरिंग दोन अर्धांचं असतं, बाकीची तीन अखंड कड्यांची. जुन्या केसमध्ये सगळ्यात आधी मधली जागा जाते. आमच्या केसमध्ये मधल्या बैठकीच्या कडेला नखाला लागेल अशी पायरी तयार झाली होती आणि माप ६५.०५ आलं. उपाय एकच: केस लाइन-बोअरिंगला देऊन चारही बैठका एका रेषेत ०.५ मिमीने मोठ्या करून घेणं, आणि बाहेरून तेवढीच जाड बेअरिंगं आणणं. त्याच वेळी पहिल्या बेअरिंगची बाजूची बैठकही सपाट करून घेतली, ती 'टक्' तिथूनच येत होती. बोअरिंगला देण्याआधी केसला तिसऱ्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला तडा आहे का ते रॉकेलने पुसून, भिंग लावून बघावं. तडा असेल तर बोअरिंगवर खर्च करू नये.

केस परत आली की तिच्या तेलाच्या वाटांची टोकं बंद करणारे प्लग काढून आतून ब्रश फिरवावा. बोअरिंगचा कीस तिथेच बसलेला असतो. साबणाच्या गरम पाण्याने धुवून लगेच हवेने कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. आम्लाचा क्लीनर मॅग्नेशियम खातो, तो वापरू नये. तेलाचा दाब सोडणारे दोन छोटे पिस्टन केसच्या पोटात असतात, ते बोटाने सहज सरकले पाहिजेत. त्यांच्या स्प्रिंगा सारख्या नसतात, अदलाबदल होऊ देऊ नये. कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालणाऱ्या टॅपेटांचे चेहरे सरळ पट्टीच्या कडेवर धरून उजेडात बघितले. नवा टॅपेट किंचित फुगीर असतो. आमचे आठपैकी पाच खोलगट झालेले होते. त्यामुळे आठही नवे आणि कॅमही नवा. जुन्या कॅमवर नवे टॅपेट किंवा उलट, दोन्ही चालत नाही.

बांधायला सुरुवात क्रँकपासून. तिसरं बेअरिंग कॅमच्या गिअरच्या आधी क्रँकवर चढवावं लागतं. त्याचं डॉवेलचं (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या पिनेचं) भोक मधोमध नसतं, ते फ्लायव्हीलकडे ठेवायचं. उलटं चढवलं आणि वर गिअर दाबून बसवला, की सगळं परत काढणं आलं. गिअर ८० अंशांच्या तेलात गरम केले की सहज सरकतात. कनेक्टिंग रॉडचे नट ३३ न्यूटन-मीटर. आवळल्यावर रॉडच्या दोन्ही बाजूंना हातोड्याने हलके ठोके द्यायचे, बेअरिंगमधला ताण सुटतो. मग रॉड उभा धरून सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवा. धाडकन पडला तर सैल, अडकला तर चुकीचं बेअरिंग.

प्रत्येक मुख्य बेअरिंगला केसमधल्या डॉवेलची पिन धरते. कडी फिरवून पिन भोकात बसवताना ती दिसत नाही. त्यासाठी बेअरिंग केसमध्ये आधी मोकळं बसवून, केसच्या कडेला समोर येईल अशी पेन्सिलची रेघ त्यावर काढून ठेवली. क्रँकसकट बसवताना ती रेघ कडेला जुळली की पिन आत गेली. ही दोन मिनिटांची रेघ वगळल्यामुळे कितीतरी नवी बेअरिंगं बिघडतात: पिन बेअरिंगच्या अंगात रुतते, केस बंद झालेली वाटते, आणि क्रँक फिरत नाही.

कॅमच्या गिअरवर एक खूण, क्रँकच्या गिअरवर दोन ठिपके. एक खूण दोन ठिपक्यांच्या मध्ये. मग क्रँक उलटी फिरवून बघितली. कॅम आपल्या बैठकीतून उचलला जात असेल तर गिअर मोठा आहे, बदलावा. दातांमधली मोकळीक शून्य ते ०.०५ मिमी. उजव्या अर्ध्या केसमधले टॅपेट खाली पडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, त्याहून चांगलं हत्यार या कामाला नाही.

केस बंद करताना जोडावर सीलंटचा अगदी पातळ हात. जास्त लावलं की आत पिळून येतं आणि तेलाच्या वाटेत जातं. आधी पहिल्या बेअरिंगच्या मोठ्या स्टडशेजारचा लहान नट २० न्यूटन-मीटर, मग सहा मोठे ३४, शेवटी बाकीचे लहान २०. आणि प्रत्येक नटानंतर क्रँक हाताने एक फेरा. हा नियम एकदाही मोडला नाही. चौथ्या मोठ्या नटाला क्रँक जड लागली. तिथेच थांबून सगळं उघडलं तेव्हा चौथ्या बेअरिंगची पिन भोकाच्या काठावर टेकलेली दिसली, कडेला पुसट खूण उमटायला लागली होती. आणखी दोन नट आवळले असते तर बेअरिंग गेलंच होतं.

क्रँकची पुढे-मागे हालचाल फ्लायव्हीलमागच्या तीन पातळ शिमांनी (चकत्यांनी) ठरते. शिम ०.२४, ०.३०, ०.३२, ०.३४, ०.३६ आणि ०.३८ मिमीचे मिळतात. मोजताना ऑइल सील घालायचं नाही. दोनच शिम घालून फ्लायव्हील पूर्ण आवळलं आणि डायल गेज लावून ढकललं-ओढलं. गेजने ०.४४ दाखवले. त्यातून हवी असलेली ०.१० वजा केली, तिसरा शिम ०.३४ चा. तिन्ही घालून, सील आणि फ्लायव्हीलच्या खाचेतलं रबरी कडं बसवून पुन्हा मोजलं, ०.१० आलं. सील सगळीकडून सारखं, केसच्या काठाशी समतल बसलं पाहिजे. तिरकं बसलेलं सील क्लच तेलाने भिजवतं आणि मग इंजिन परत खाली.

पिस्टन आणि सिलिंडर नवा संच घेतला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडर बोअर करत बसण्यापेक्षा हेच शहाणपणाचं. चारही पिस्टनांच्या वजनात १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा, आमच्यात जास्तीत जास्त ४ निघाला. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून तिच्या टोकांतली फट फीलर गेजने मोजली. वरच्या दोन रिंगांना ०.३० ते ०.४५ मिमी. नव्या डब्यातल्या रिंगाही मोजाव्यात, आमची एक ०.२२ निघाली आणि घासून ०.३५ करावी लागली. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग सिलिंडर फाडते. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे.

हेडांमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चारही नवे घातले, दिसायला चांगले असोत वा नसोत. गाइड झिजलेले होते, तेही बदलले. घासून झाल्यावर हेड उलटं ठेवून पोकळीत पेट्रोल ओतलं. पाच मिनिटांत पोर्टमध्ये ओल आली नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बसले.

हेड चढवताना पुशरॉडच्या (टॅपेटचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या अकॉर्डियनसारख्या दोन्ही टोकांनी ताणून १९० ते १९१ मिमी करून घ्याव्या. जुनी नळी न ताणता घातली की सील दाबलं जात नाही आणि आठवड्यात थेंब सुरू होतात. नळीचा जोड वरच्या बाजूला. सिलिंडरांखालचे वाकडे छोटे पत्रे या नळ्यांआधीच बसवावे लागतात, नंतर ते आत जातच नाहीत. बरेच जण याच ठिकाणी ते फेकून देतात. तेच पत्रे पंख्याची हवा सिलिंडरच्या खालच्या पंखांना लपेटून नेतात. हेडचे नट आधी १० न्यूटन-मीटर, मग ८ मिमीच्या स्टडला २५. जुन्या केसमध्ये १० मिमीचे स्टड असतात, त्यांना ३२. ८ च्या स्टडला ३२ लावले तर केसमधले आटे ओढून बाहेर येतात.

ऑइल पंपाच्या गिअरांची वरून फट ०.१ मिमीच्या आत हवी. ऑइल कूलरखालची सीलं दोन मापांची मिळतात, केसचं भोक ८ चं की १० मिमीचं ते बघून घालावी. व्हॉल्व्हची मोकळीक थंड इंजिनावर आठही ठिकाणी ०.१५ मिमी. पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर) आणून तिथून क्रँक उलट दिशेने अर्धा-अर्धा फेरा नेली की सिलिंडर १, २, ३, ४ असे क्रमाने येतात. फायरिंगचा क्रम मात्र १-४-३-२. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याची खाच पहिल्या सिलिंडरच्या टॉपला केसच्या जोडाशी काटकोनात, छोटा भाग पुलीकडे.

गाडीत बसवताना खोलीच्या कडेचं रबर नवीन घातलं, सगळे पत्रे, हवेचे पाइप आणि थर्मोस्टॅट जागच्या जागी. थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांना हवेच्या झडपा उघडतो. तो काढून टाकला तर इंजिन गरम व्हायला वेळ घेतं आणि थंड तेलावर झिजतं. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर १५ मिमी झुकावा.

तेल २.५ लिटर. प्लग काढून, कॉइलची तार सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. मग प्लग घालून सुरू केलं आणि लगेच मिनिटाला २००० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवलं. नव्या कॅमला आणि टॅपेटांना कमी फेऱ्यांवर तेलाचे शिंतोडे पुरत नाहीत, पहिल्याच मिनिटांत ते खरवडले जातात. म्हणून टायमिंग, पेट्रोल, पट्टा सगळं आधीच तयार हवं, सुरू करून मग कार्ब्युरेटर जुळवत बसायचं नाही. तेल गरम झाल्यावर २५०० फेऱ्यांना दाब दोन बारच्या वर होता.

वीस मिनिटांनंतर गरम असतानाच तेल काढलं आणि तळाची जाळी धुतली. जाळीच्या प्लेटचे सहा छोटे नट फक्त ७ न्यूटन-मीटर, बोटांनी धरलेल्या लहान पान्याने. जाळीत सीलंटचे दोन तुकडे आणि थोडा करडा लगदा निघाला, चमकणारी धातू नाही. ५०० किलोमीटरला व्हॉल्व्ह पुन्हा मोजले, तिसऱ्याच्या एक्झॉस्टला ०.१२ झालं होतं, बाकी जागेवर. नवा व्हॉल्व्ह बैठकीत बसताना एवढं कमी होतं. ते ०.१५ करून १००० ला परत उघडलं, तेव्हा हललेलं नव्हतं.